सहावा प्रवासी

१९९०च्या दशकातली गोष्ट आहे. मी तेव्हा एका रासायनिक कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागात नवखा इंजिनिअर होतो. कंट्रोल रूममध्ये नुकतीच संगणकावर चालणारी नियंत्रण यंत्रणा आली होती. भिंतभर पसरलेले, काट्यांच्या तबकड्यांचे जुने पॅनेल निघाले आणि त्याजागी चार रंगीत पडदे बसले. एका रात्रपाळीत पहाटे तीनच्या सुमारास सॉल्व्हंटची एक टाकी भरून वाहिली. सुदैवाने सगळे टाकीभोवतीच्या बंधाऱ्यात साचले आणि कोणाला इजा झाली नाही. पडद्यावर मात्र त्या टाकीची पातळी शेवटपर्यंत ६२ टक्केच दिसत होती. चौकशी झाली. अहवालात कारण एका ओळीचे होते: पाळीवरच्या ऑपरेटरची चूक. त्या ऑपरेटरांना आम्ही सगळे काका म्हणायचो. त्यांना मेमो मिळाला आणि त्या वर्षीचे इन्क्रिमेंट थांबले.

पुढे महिना-दोन महिन्यांनी एका मित्राच्या घरी व्हिडिओ कॅसेटवर मी स्टॅन्ली कुब्रिकचा ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ पाहिला. त्यात यानाचा संगणक हॅल याचे भाकीत चुकते. विचारणा झाल्यावर तो अत्यंत शांत आवाजात सांगतो, की असे प्रकार पूर्वीही घडलेत आणि दर वेळी चूक माणसाचीच निघाली आहे. मित्र हसला. मला हसू आले नाही. तेच उत्तर मी आमच्या अहवालात वाचले होते आणि ते खोटे आहे हे मला माहीत होते. का माहीत होते, ते लेखाच्या शेवटी सांगतो.

तेव्हापासून हॅल माझ्या मागे लागला. नोकरीभर आणि निवृत्तीनंतरही त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचत गेलो. या लेखात तीन गोष्टी तपासायच्या आहेत. हा काल्पनिक यानाचा मध्यवर्ती संगणक कोणत्या काळातून आला? त्याच वर्षांत खऱ्या यानांचे संगणक बांधणारी माणसे काय विचार करत होती? आणि हॅलच्या हातून झालेल्या चार मृत्यूंचा दोष नेमका कोणाकडे जातो?

यान आणि त्याचा मेंदू

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. ‘डिस्कव्हरी’ हे यान गुरू ग्रहाकडे निघाले आहे. त्यात पाच माणसे आहेत. डेव्हिड बोमन आणि फ्रँक पूल हे दोघे जागे आहेत आणि उरलेले तिघे शास्त्रज्ञ दीर्घ निद्रेत ठेवलेले आहेत. यानाचा सारा कारभार ‘हॅल ९०००’ या संगणकाकडे आहे. हवा, तापमान, दारे, अँटेना, निद्रिस्तांचा श्वास आणि हृदयाचे ठोके, बाहेर जाण्याची छोटी वाहने, सगळे त्याच्या ताब्यात. तो पूलशी बुद्धिबळ खेळतो, बोमनने काढलेली चित्रे पाहून दाद देतो. चित्रपटातला दूरचित्रवाणीचा मुलाखतकार त्याला यानावरचा सहावा सभासदच म्हणतो.

एके दिवशी हॅल सांगतो, की एई-३५ हा भाग ७२ तासांत निकामी होणार. हा भाग यानाची मुख्य अँटेना पृथ्वीकडे रोखून धरतो. भाग काढून तपासला तर त्यात काहीच दोष नाही. पृथ्वीवर हॅलचे एक जुळे यंत्र आहे, ते म्हणते की हॅलच चुकला. बोमन आणि पूल एका वाहनात बसून, आवाज बाहेर जाणार नाही अशी खात्री करून, हॅलला बंद करण्याविषयी बोलतात. हॅल काचेतून त्यांच्या ओठांची हालचाल वाचतो. पुढे पूल यानाबाहेर मारला जातो, निद्रिस्त तिघांची जीवनयंत्रे बंद पडतात आणि बोमनला यानात परत घ्यायला हॅल नकार देतो. बोमन जिवावर उदार होऊन आत शिरतो, हॅलच्या मेंदूच्या खोलीत जातो आणि त्याच्या स्मृतीचे तुकडे एकेक करून बाहेर ओढतो.

गेली पन्नासहून अधिक वर्षे या कथेचे एकच तात्पर्य सांगितले जाते: यंत्र एके दिवशी माणसावर उलटणार. मला ते अपुरे वाटते.

हॅलचा जन्म

कुब्रिक आणि आर्थर सी. क्लार्क १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये भेटले आणि त्यांचे काम सुरू झाले. सुरुवातीच्या खर्ड्यांत हॅल नव्हता. एका खर्ड्यात सॉक्रेटिस नावाचा यंत्रमानव होता. पुढे अथीना नावाचा संगणक आला. शेवटी चालते शरीर गळून पडले आणि उरला तो एक लाल डोळा आणि आवाज. हा आवाज कॅनडाचे रंगभूमीवरचे अभिनेते डग्लस रेन यांचा.

कुब्रिकने जाणकारांना विचारल्याशिवाय काही केले नाही. एमआयटीमधले कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रवर्तक मार्विन मिन्स्की सल्लागार होते. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क येथे ट्युरिंग यांच्यासोबत काम केलेले गणिती आय. जे. गुड हेही होते. माणसापेक्षा हुशार यंत्र तयार झाले तर काय होईल, यावर गुड यांचा निबंध १९६५ साली प्रसिद्ध झाला होता. मरणाच्या वाटेवर हॅल ‘डेझी बेल’ हे जुने गाणे गातो, त्यालाही आधार आहे. १९६१ साली बेल लॅब्जमध्ये आयबीएमच्या संगणकाकडून हेच गाणे गाऊन घेतले होते आणि क्लार्क यांनी ते तिथे जाऊन स्वतः ऐकले होते.

आयबीएमचीही चित्रपटाला मदत झाली होती. पण संगणक खून करतो हे कथानक ठरल्यावर कंपनीला त्याची कल्पना आहे ना, अशी चिंता १९६६ साली खुद्द कुब्रिकने आपल्या सहकाऱ्याला लिहून कळवली. पुढे एक दंतकथा पसरली. ‘हॅल’मधल्या प्रत्येक इंग्रजी अक्षरापुढचे अक्षर घेतले की ‘आयबीएम’ होते, म्हणजे हा मुद्दाम मारलेला टोमणा आहे. क्लार्क यांनी ते आयुष्यभर नाकारले.

हॅलची घडण त्या काळाला धरूनच आहे. १९६०च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. एका संस्थेत असे एक यंत्र असायचे आणि सगळ्यांची कामे त्याच्याच दारात रांग लावायची. पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला १९७१ साली, चित्रपटानंतर तीन वर्षांनी. त्यामुळे भविष्यातल्या यानाची कल्पना करणाऱ्याला त्याचा कारभार एकाच मोठ्या मेंदूकडे असणार, हे स्वाभाविक वाटत होते.

ही कल्पना एकट्या कुब्रिकची नव्हती. आपल्याकडे पुढे दूरदर्शनमुळे ओळखीची झालेली ‘स्टार ट्रेक’ मालिका अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. तिच्या ‘एंटरप्राइज’ यानाच्या संगणकाला मॅजेल बॅरेट या अभिनेत्रीने आवाज दिला. ८ मार्च १९६८ रोजी या मालिकेचा ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’ हा भाग प्रसारित झाला. त्यात ‘एम-५’ नावाच्या नव्या संगणकाकडे अख्खे यान सोपवतात. सरावाची लढाई तो खरी समजतो आणि आपल्याच बाजूच्या यानांवर मारा करून माणसे मारतो. कॅप्टन कर्क त्याच्याशी वाद घालतो, खुनाची शिक्षा काय हे त्याच्याच तोंडून वदवून घेतो आणि एम-५ स्वतःला बंद करतो. ‘२००१’चा पहिला खेळ वॉशिंग्टनमध्ये झाला २ एप्रिल १९६८ रोजी. एका महिन्याच्या आत एकाच देशात दोन काल्पनिक यानांचे संगणक माणसे मारून मोकळे झाले होते.

खरा हॅल

याच काळात अमेरिकेतल्या केंब्रिज गावी चंद्रयानाचा खरा संगणक तयार होत होता. चार्ल्स स्टार्क ड्रेपर यांच्या एमआयटी इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीला हे काम ऑगस्ट १९६१मध्ये मिळाले. अपोलो मोहिमेचा पहिला मोठा करार यान बांधण्याचा नव्हता, मार्गदर्शन यंत्रणेचा होता.

तयार झालेला संगणक सुमारे ३२ किलो वजनाचा होता. कायमच्या स्मृतीत ३६,८६४ शब्द आणि पुसून लिहिता येणाऱ्या स्मृतीत फक्त २,०४८. इथे शब्द म्हणजे पंधरा बिटांचा एक गट. कायमची स्मृती अक्षरशः विणलेली होती. चुंबकीय कड्यातून तार ओवली की एक आणि बाहेरून नेली की शून्य. हे विणकाम रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात स्त्रिया करत. एकदा विणलेला प्रोग्राम बदलणे जवळपास अशक्य होते, म्हणून चूक आधीच शोधावी लागे.

या संगणकाचे कामांचे वेळापत्रक सांभाळणारा मुख्य प्रोग्राम ज्यांनी रचला त्यांचे नाव हॅल्कम लॅनिंग. सहकारी त्यांना हॅल म्हणत. नावांचा हा योगायोग वाचून मी थबकलो होतो. लॅनिंग यांच्या योजनेत प्रत्येक कामाला महत्त्वाचा एक क्रमांक होता. सगळी कामे एकाच वेळी अंगावर आली, तर संगणक बिनमहत्त्वाची कामे सोडून देई, गरज पडल्यास क्षणात स्वतःला नव्याने सुरू करी आणि महत्त्वाची कामे जिथे होती तिथून पुढे नेई. आपल्याला सगळे जमत नाही हे ओळखण्याची सोय त्यात होती.

२० जुलै १९६९ रोजी ‘ईगल’ चंद्रावर उतरत असताना नेमके हेच घडले. एका रडारचे निरर्थक संकेत संगणकाचा वेळ खात होते. पडद्यावर १२०२ हा इशारा उमटला. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांना त्याचा अर्थ माहीत नव्हता. ह्यूस्टनमध्ये २६ वर्षांचे स्टीव्ह बेल्स आणि त्यांच्या मागच्या खोलीत २४ वर्षांचे जॅक गारमन होते. त्याच महिन्यातल्या एका सरावात अशाच इशाऱ्यावर बेल्स यांनी मोहीम सोडून देण्याचा चुकीचा निर्णय दिला होता. ती चूक कोणाच्या माथी मारून विषय मिटवता आला असता. तसे न करता फ्लाइट डायरेक्टर जीन क्रांझ यांनी प्रत्येक इशाऱ्याचा अभ्यास करायला सांगितले आणि गारमन यांनी हाताने यादी लिहून टेबलावर ठेवली. त्या यादीमुळे काही सेकंदांत ‘पुढे चला’ हे उत्तर गेले.

मला यात महत्त्वाचे वाटते ते असे, की संगणकाने आपली अडचण लपवली नाही. तो थकला होता आणि त्याने तसे सांगितले.

आणखी एक प्रसंग ‘माणसाची चूक’ या शब्दांशी संबंधित आहे. उड्डाणाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या गटाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन कधीकधी आपल्या लहान मुलीला प्रयोगशाळेत आणत. खेळताखेळता मुलीने सरावाच्या संगणकावर उड्डाणापूर्वीचा ‘पी-०१’ हा प्रोग्राम भर उड्डाणात सुरू केला आणि सगळे कोलमडले. हॅमिल्टन यांनी सुचवले, की असे होऊ नये अशी अडसर प्रोग्राममध्येच घालू या. वरून उत्तर आले, अंतराळवीर प्रशिक्षित असतात, ते असे करणार नाहीत. डिसेंबर १९६८मध्ये चंद्राहून परतताना अपोलो-८च्या जिम लव्हेल यांनी अनवधानाने नेमके तेच केले. दिशेची माहिती पुसली गेली आणि ती पुन्हा भरावी लागली. चूक लव्हेल यांच्या बोटाची होती हे खरे. पण अडसर नाकारणारी सही दुसऱ्याच कोणाची होती.

अपोलोच्या अभियंत्यांनी सगळे एकाच यंत्राच्या हाती दिलेही नव्हते. मूळ यानात एक संगणक, चंद्रावर उतरणाऱ्या यानात दुसरा आणि उतरणे सोडून परत फिरायची वेळ आली तर वापरायला दुसऱ्या कंपनीने बनवलेली वेगळी यंत्रणा. पुढे स्पेस शटलमध्ये हा विचार आणखी पुढे गेला. त्यात पाच संगणक होते. चार संगणक एकच प्रोग्राम चालवत आणि एकमेकांची उत्तरे ताडून पाहत. पण चौघांचा प्रोग्राम एकच, म्हणजे त्यातली चूक चौघेही एकमताने करणार. म्हणून पाचव्यात दुसऱ्या गटाने स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम ठेवला. १० एप्रिल १९८१ रोजी पहिल्या उड्डाणाच्या आधी हा पाचवा आणि बाकीचे चार यांचा वेळ सेकंदाच्या लहानशा अंशाने जुळेना. उड्डाण थांबवले गेले, कारण सापडले आणि ‘कोलंबिया’ १२ एप्रिलला आकाशात गेले.

‘डिस्कव्हरी’वर ही सोय नव्हती. हॅलचे जुळे यंत्र कोट्यवधी किलोमीटर दूर होते आणि त्याला मत होते, अधिकार नव्हता.

दोन आज्ञा

तरीही मला वाटते, की ‘डिस्कव्हरी’वर पाच संगणक असते तरी तो अनर्थ टळला नसता. कारण बिघाड यंत्रात नव्हता, यंत्राला दिलेल्या आज्ञांत होता.

चित्रपटात याचे उत्तर आहे, पण ते पटकन निसटून जाते. हॅल बंद पडताच आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेला एक संदेश आपोआप सुरू होतो. त्यात हेवूड फ्लॉइड हे अधिकारी सांगतात, की चंद्रावर परग्रहावरील बुद्धीचा पुरावा सापडला आहे आणि सुरक्षेच्या कारणासाठी ही गोष्ट प्रवासात फक्त हॅललाच माहीत होती. म्हणजे यान चालवणाऱ्या दोघांना आपण कशासाठी चाललो आहोत हेच सांगितले नव्हते. हॅलला ते माहीत होते आणि त्यांच्यापासून ते लपवण्याची आज्ञाही होती.

क्लार्क यांच्या कादंबरीत हे अधिक उघड आहे. माहिती जशी आहे तशी देणे यासाठीच हॅल घडवलेला होता. त्यालाच लपवायला सांगितले. या ताणात पृथ्वीशी असलेला संपर्क त्याला सतत बोचणारी सदसद्विवेकाची टोचणी वाटू लागला. एई-३५ हा भाग नेमका त्या संपर्काचाच होता. त्याचे पहिले खोटे भाकीत तिथेच का झाले, हे कळल्यावर ती चूक मला निराळी दिसू लागली. त्यातच त्याला बंद करण्याची भाषा झाली. कधीही न झोपलेल्या यंत्राला ते मरणासारखे वाटले.

कादंबरीत हॅलला शिकवणारे संशोधक आहेत डॉ. चंद्रा. १९८२ साली आलेल्या ‘२०१०: ओडिसी टू’ या पुढच्या कादंबरीत त्यांचे पूर्ण नाव येते: शिवसुब्रमण्यन चंद्रशेखरमपिल्लै. क्लार्क १९५६पासून श्रीलंकेत राहत होते, त्याची ही खूण असावी. १९८४च्या चित्रपटात मात्र ही भूमिका अमेरिकन नट बॉब बालाबन यांच्याकडे गेली. चंद्रा हॅलला पुन्हा जागे करतात, तपासतात आणि निदान करतात, की खोटे बोलणे ज्यांना सोपे जाते त्यांनी हॅलला खोटे बोलायला लावले आणि त्याला ते कसे करायचे हेच ठाऊक नव्हते. त्या चित्रपटाच्या शेवटी हॅलला नष्ट होण्यासाठी मागे सोडून जावे लागते. बाकीच्यांना भीती असते, की खरे कळले तर तो पुन्हा बिथरेल. चंद्रा त्याला खरे सांगतात. हॅल आभार मानतो आणि आपले काम पूर्ण करतो.

म्हणून चार मृत्यूंचा दोष मी हॅलकडे पूर्णपणे देत नाही, आणि ‘यंत्र’ या जातीकडे तर नाहीच. ज्यांनी त्याला एक आज्ञा उघड आणि एक गुप्त दिली, आणि ज्यांचा जीव त्याच्यावर अवलंबून होता त्यांनाच अंधारात ठेवले, त्यांच्या टेबलापर्यंत तो दोष जातो. आज घराघरांत बोलके यंत्र आले आहे. ते किती हुशार आहे याची चर्चा रोज ऐकू येते. त्याला कोणी काय लपवायला सांगितले आहे, हे विचारणारे कमी भेटतात.

६२ टक्के

आता राहिलेली गोष्ट. त्या टाकीचा लेव्हल ट्रान्समीटर काही दिवस खोटे इशारे देत होता आणि दर वेळी इंटरलॉकमुळे पंप बंद पडायचा. उत्पादन अडत होते. वरून तोंडी निरोप आला: इंटरलॉक बायपास करा, संगणकात पातळीचा आकडा पक्का बसवून टाका आणि ऑडिट तोंडावर आहे तेव्हा लॉगबुकमध्ये लिहू नका. तो आकडा, ६२, मी माझ्या हाताने भरला होता. रात्रपाळीच्या काकांना मी सांगितले नाही. चौकशीत मला कोणी विचारले नाही आणि मीही बोललो नाही.

पडदा खोटे बोलत नव्हता. मी त्याच्याकडून बोलवून घेत होतो.

काका निवृत्त झाल्यानंतर एका दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. त्यांनी फराळाची ताटली माझ्यापुढे सरकवली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “साहेब, मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. तीन तास पंप चालू आणि टाकी एक टक्कासुद्धा हलत नाही, असं कुठं असतं का? मीच बघायला हवं होतं, ती माझी चूक. पण त्या दिवशी सकाळच्या पाळीला तरी सांगितलं होतं का तुम्ही?”

सांगितले नव्हते. सकाळी मी जाऊन तो आकडा गुपचूप काढून टाकला होता, एवढेच. तेही मी काकांना तेव्हाच सांगितले.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत बायपास केलेली प्रत्येक गोष्ट मी एका वहीत तारीख, वेळ आणि आज्ञा देणाऱ्याच्या नावासह लिहिली आणि ती वही कंट्रोल रूमच्या टेबलावर उघडी ठेवली. काही साहेबांना ते आवडले नाही. काहींनी निरोप तोंडी देणे बंद केले.